रिकामी करून दिलेली बंदूक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मंदाला, माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून मी आयुष्यात दुसरं काही लपवलेलं नाही, निदान लक्षात राहावं असं तरी. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा पुन्हा एक जण विचारायला आला, म्हणून असेल.

विचारायला म्हणजे — बंदूक विकायची आहे, काय काय काळजी घेऊ? आमच्या कोल्हारात हा प्रश्न फिरून माझ्याकडंच येतो. "फुंक्याला विचार," असं लोक सांगतात. मी ताकसुद्धा फुंकून पितो म्हणून हे नाव. मनमाड रस्त्याला माझं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान आहे. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय एक इंजिन मी दाराबाहेर सोडत नाही. आणि वडलांची दुनळी बंदूक मी ज्या रीतीनं विकली, तसा बिनघोर सौदा पुन्हा झाला नाही म्हणतात.

तर त्या माणसाला मी सगळं नीट सांगितलं. घेणाऱ्याचा परवाना स्वतःच्या डोळ्यांनी बघ, तोंडच्या शब्दावर जाऊ नको. परवाना त्याचाच आहे ना, ताडून बघ. ठाण्यात आधी लेखी कळव, कायद्यानं ठरलेली मुदत जाऊ दे. काडतुसं वेगळी ठेव. आणि हातात देताना बंदूक बिजागरीत मोडून, नळ्या उजेडाकडं धरून दाखव — रिकामी आहे म्हणून. तो मान हलवत होता. "एवढं कोन करतं हो भाऊ," म्हणाला, चहा पिऊन गेला. मी दुकानाच्या मागं जाऊन थुंकलो. तोंडात कडू पाणी साठलं होतं. आपल्याच शहाणपणाची अशी शिसारी येते का हो कुणाला? मला येते. दर वेळी येते.

बंदूक वडलांची. प्रवरेच्या काठाला आमचा ऊस होता, रानडुकरं यायची, त्यासाठी घेतलेली. वडील गेल्यावर रीतसर माझ्या नावावर झाली. मला तिचा उपयोग नव्हता. घरात लहान लेकरं. बंदूक माळ्यावर, काडतुसं कुलपातल्या पेटीत, किल्ली माझ्या करगोट्याला — अशी ती वर्षं काढली. मग बहात्तरचा दुष्काळ आला. माळरानं करपली आणि डुकरांचे कळपच्या कळप कालव्याकडच्या हिरव्या उसात उतरले. ज्याच्याकडं परवाना होता तो माणूस बंदूक शोधत फिरायला लागला.

त्यातलाच रंगनाथ. राहुरीच्या अंगाला त्याची वस्ती. जुनी ठासणीची बंदूक निकामी झालेली, परवाना मात्र चालू. माणूस चांगला शेतकरी, व्यवहाराला चोख. आणि रागीट.

हे मला ऐकून माहीत नव्हतं — मी पाहिलं होतं. एकदा त्याचं इंजिन माझ्या दुकानापुढं काही केल्या धरेना. त्यानं त्याला लाथ घातली, पाय दुखावला, तसा वळला आणि बाहेर गाडीला जुंपलेल्या बैलाच्या तोंडावर हातातल्या पान्यानं मारलं. बैलाचा काय संबंध? मी काय केलं? हसलो. "इंजिन थंड आहे, मालकच गरम झालाय," असं काहीतरी म्हणालो. आजूबाजूचेही हसले. बैल मान झटकत होता, आणि नाकावाटे रक्ताचे थेंब पडत होते. त्या दिवशीच मला कळायला नको होतं का? कळलंच होतं.

तरी मी त्याला बंदूक द्यायचं कबूल केलं. परवाना पाहिला. ठाण्यात कळवलं. मुदत चालू होती.

त्या मुदतीत, एका बाजाराच्या दिवशी, कौसा आमच्या घरी आली. कौसा म्हणजे रंगनाथची बायको. आणि मंदाच्या माहेरच्या गावची — एकाच आडावर पाणी भरलेल्या दोघी. म्हणून मला दाजी म्हणायची. मंदा चहा ठेवायला आत गेली. कौसा उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली, बाजाराची पिशवी मांडीवर तशीच. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दाजी, त्यास्नी बंदूक दिऊ नका."

मी विचारलं, का?

"त्यांनी इळा उचलला तर मी पळते. काठी उचलली तर पळते. बंदुकीपुढं कुटवर पळू?"

मंदा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं कपबशी कौसापुढं ठेवली. कौसा तिला बस म्हणाली, आणि मग मला — हे मला तिच्या आवाजासकट आठवतं — "म्हना, दुसरं गिऱ्हाईक आलं. नायतर म्हना, इकायचीच न्हाई. तुमचं कोन आडवनार हाय? पर माझं नाव तेवढं काढू नका."

काय अवघड होतं यात? खोटंसुद्धा तिनंच तयार करून आणलं होतं. मला फक्त ते उचलून बोलायचं होतं.

मी म्हणालो, "बघतो."

'देत नाही' म्हणालो नाही. 'नाव काढणार नाही' म्हणालो नाही. बघतो. या शब्दाइतका घाणेरडा शब्द मी दुसरा वापरलेला नाही. तिला वाटलं, दाजींनी मनावर घेतलं. पदरानं तोंड पुसून, चहा पिऊन ती उठली. दुपारच्या टांग्यानं गेली — बांगड्या विकणारी हमीदाबी तिकडंच निघाली होती, तिच्याबरोबर.

नंतरचे दिवस मी काय विचार करत होतो? बायकोचं गाऱ्हाणं ऐकून सौदा मोडायचा का? रंगनाथनं शब्द पक्का धरला होता, मंदालाही मी तेच सांगितलं. दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणालो आणि ते कोण असं त्यानं विचारलं तर? आणि एकाच बाजूचं ऐकून निकाल देणं बरं का? — हो, असंही मी मनाशी म्हणालो. न्यायाधीश! कुणी मला नेमलं होतं?

बंदूक न्यायला रंगनाथ दिवसाढवळ्या दुकानावर आला. शेजारच्या हॉटेलाचा मालक दगडू आणि त्याची गिऱ्हाइकं बंदूक बघायला जमली. मी पुन्हा एकदा परवाना मागितला, पुन्हा पाहिला. तसा दगडू ओरडला, "आरं फुंक्या, बंदूक देतूस का पोरगी?"

"कुंडली बी मागंल बघ आता," रंगनाथ म्हणाला. सगळे हसले.

आणि मलाही जोर चढला. चार माणसं आपल्या काळजीपणाची थट्टा करतात, तेव्हा त्या थट्टेत आपणही एक भर घालावी, असं वाटतं ना — तसं. मी म्हणालो, "पोरगी द्यायची तर घर बघावं लागतं. अन् रंगनाथराव, तुमच्या घरात एकमत दिसत नाही. कौसाबाई आल्या होत्या की आमच्याकडं. बंदूक देऊ नका म्हणाल्या."

म्हणालो. झालं.

हशा पिकला. रंगनाथ सगळ्यांत मोठ्यानं हसला. "बायामानसाचं काय मनावर घेता! तिला फटाक्याचं बी भ्या वाटतं," म्हणाला, आणि मी न मागता त्यानं गळ्याला चिमूट लावली. "आईच्यान सांगतो, डुकराबिगर कुनावर ही उचलायची न्हाई."

"घे, आन बी झाली," दगडू म्हणाला. मग मी बंदूक मोडली, दोन्ही नळ्या उजेडाकडं धरल्या, सगळ्यांना आरपार दाखवल्या. तेलाचा वास सुटला होता. काडतुसं वेगळ्या पिशवीत बांधून दिली.

जीभ घसरली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. थट्टेच्या भरात गेलं तोंडातून. पण ते खरं नाही — आणि हेच मला सांगायचं होतं, बाकी सगळा फेरा इथं येण्यासाठी होता. मी ते ठरवून बोललो. उद्या काही झालंच, तर चार माणसांदेखत मी विचारलं होतं, त्यानं आण घेतली होती, असं मला म्हणता यावं म्हणून बोललो. परवाना, ठाणं, मुदत, रिकाम्या नळ्या — आणि ही शेवटची खबरदारी. ती माझ्यासाठी होती. कौसा तिचा जीव पिशवीसारखा मांडीवर घेऊन माझ्या घरी आली होती, आणि मी त्याची पावती करून माझ्या खिशात घातली.

रंगनाथनं आण मोडली, असं कुणाला म्हणता येणार नाही. त्या बंदुकीची गोळी कधी माणसावर सुटली नाही. घरी गेला, आणि बंदुकीच्या लाकडी दस्त्यानं त्यानं कौसाच्या उजव्या हाताचं कोपर फोडलं. बंदूक रिकामी होती ना. मीच तर रिकामी करून दिली होती.

ती माळवदावरून पडली, असं सगळीकडं सांगण्यात आलं. मंदाला ते पटलं नाही. आम्ही दोघं भेटायला गेलो. कौसा खाटेवर, हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला. रंगनाथनं मला बसायला स्वतः घोंगडं अंथरलं, पाऊसपाण्याचं बोलला आणि गुरांकडं गेला. भिंतीला बंदूक टांगलेली — पुसून लखलखीत केलेली. माझ्यापेक्षा नीट ठेवली होती. मंदा चहा करायला आत गेली, तशी कौसा हळूच म्हणाली, "दाजी, त्यांनी सांगितलं मला."

एवढंच. कोण, काय, काहीच नाही. मी घोंगड्याची दशी ओढत बसलो.

मंदा बाहेर आली, तिच्याजवळ टेकली, म्हणाली, "तू आमच्याकडं आली होतीस, हे त्याला सांगितलं तरी कोणी गं?"

कौसा बशीकडं बघत होती. "काय ठावं बाई. बाजारात बघितलं आसंल कुनी."

तिनं माझं नाव काढलं नाही. आणि मी? मी चहा प्यालो. गोड होता. सगळा प्यालो.

परत येताना मंदा म्हणाली, "त्या हमीदाबीचंच काम. तीच होती टांग्यात." मी म्हणालो, "असेल." दुकानावरची ती थट्टा ऐकणारे केव्हाच विसरले होते, तिच्या कानावर ती गेली नव्हती. मंदानं त्यानंतर हमीदाबीला उंबरा चढू दिला नाही. ती म्हातारी गल्लीत बांगड्यांची आरोळी देत यायची, आमच्या दारापाशी गप्प व्हायची, आणि दार ओलांडल्यावर पुन्हा आरोळी सुरू करायची. ते मी ओसरीवरून ऐकायचो. ती मरेपर्यंत ऐकलं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. हळदीला कौसा आली. बायका एकेक करून नवरीला हळद लावत होत्या, ती खांबापाशी मागं उभी. कुणीतरी म्हणालं, "कौसे, ये की म्होरं. का रुसलीस?" उजवा हात तिनं उचलून दाखवला — छातीच्या वर जात नाही तो. डाव्यानं नवरीला हळद कशी लावायची?

"माळवदावरनं पडल्याला हात हाय माझा," ती हसून म्हणाली. बायकाही हसल्या. मग मी तिथं उभा असलेला तिला दिसलो. तिनं पदर सावरून कोपरावर घेतला.

"दाजी," ती म्हणाली, "पाव्हन्यास्नी पानी पोचलं का बगा."

मी म्हणालो, "बघतो."