सिग्नल फुल्ल, टीव्ही गुल

टीव्हीचं चित्र कायमचं गेलं तर आम्हाला काही वाटत नाही. वायर तुटलेली असते, नाहीतर बॉक्स जळलेला असतो. जोडलं, बदललं, निघालो. पण "कधी येते, कधी जाते" अशी तक्रार आली की मी आणि मोरेश्वर एकमेकांकडे बघतो. कारण त्यात बिघाड थोडा आणि माणसंच जास्त असतात! नागपूर आणि आसपासच्या गच्च्यांवर डिश दुरुस्त करण्यात आम्हा दोघांची इतकी वर्षं गेली, की आता सक्करदऱ्याच्या टपरीवर चहा सांगायच्या आधीच एक जण विचारतो, "आज काय झालं?" काहीतरी झालेलं असतंच.

०००

ऑफिसात फोनवर तक्रारी आमची सुनीताताई घेते. एकदा एका काकूंचा फोन आला.

"काकू, स्क्रीनवर काय दिसून राहिलं?"

"काहीच नाही."

"बरं, खाली कोपऱ्यात एरर नंबर असन, तो वाचा ना जी."

"दिसत असतं तर तुले फोन काहून केला असता वं?"

त्या दिवशी सुनीताताईनं एररच्या जागी टाइप केलं, 'काकू बरोबर बोलून राहिल्या'. साहेबांनीही ते तसंच ठेवलं.

०००

नंदनवनमधल्या एका गृहस्थांची तक्रार अजब होती. सकाळी चित्र जातं आणि दुपारी आपोआप येतं. मोरेश्वर फोन करून, वेळ ठरवून गेला. सिग्नल फुल्ल! परत तक्रार आली, परत गेला, पुन्हा फुल्ल! ते गृहस्थ तर त्याच्यावरच संशय घ्यायला लागले. मग तो एके दिवशी न सांगता थेट गच्चीवर पोचला.

पाहतो तर कपडे वाळत घालायची दोरी! एक टोक पाण्याच्या टाकीला, दुसरं डिशच्या दांड्याला. दोरीवर ओल्या चादरी, त्यांच्या शेजारी घरातल्या झाडून सगळ्या जीन्स. वजनानं डिश वाकायची, टीव्ही बंद. कपडे वाळून हलके झाले की डिश सरळ, टीव्ही सुरू! मोरेश्वर येणार असं कळलं की त्या घरच्या ताई बिचाऱ्या परका माणूस वर जाणार म्हणून आधीच कपडे काढून ठेवायच्या.

"ताई, दोरी डिशले काहून बांधली?"

"मग काय आभाळाले बांधू?"

मोरेश्वरनं सगळं समजावून सांगितलं. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि तोडगा काढला, "बरं, मॅचच्या दिवशी फक्त रुमाल-बनियान टाकीन!"

०००

सावनेरकडच्या एका गावातून तक्रार आली, टीव्ही फक्त शनिवारी जातो. सॅटेलाइटला शनिवार-रविवार कुठून कळायला लागले? म्हणून मी मुद्दाम शनिवारीच गेलो.

डिशवर एक चांगलं दांडगं वानर बसलेलं. शेपटी बरोबर डिशच्या तोंडासमोर सोडलेली.

मी घरातल्या आजोबांना विचारलं, "हा रोज येते का जी?"

"रोजच येते. काठीनं हाकलतो ना मी."

"मग आज?"

"आज शनिवार हाय ना गा! आज त्याले काठी दाखवू?"

आजोबांच्या हातात केळी होती. त्यांनी एक वानराला दिलं आणि एक मला.

०००

मे महिन्यात मानेवाड्याला एका काकांकडे कूलर लावला की टीव्ही जायचा. काकांचा ठाम समज, कूलरच्या हवेनं सिग्नल उडतो. दोन्हींचा प्लग एकाच बोर्डात होता आणि बोर्ड ढिला. मी म्हटलं, "काका, लगेच बदलून देतो."

काका आडवे आले. "हात नको लावू! टीव्ही बंद झाल्यानं माणूस मरत नाही. कूलर बंद झाला तर मरते!"

अशा माणसांवर रागावता येत नाही हो. मला तर फार आवडतात.

०००

कामठीला एक वामनराव आहेत, पॉवरलूमवाले. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं, घरचे सगळे कपडे घ्यायला नागपूरला गेलेले, आणि टीव्ही अडकत-अडकत चालत होता. गच्चीवर डिश हललेली दिसली. ती फिरवायची म्हणजे मी बोल्ट आणि मीटर सांभाळणार, एक जण वर डिश धरायला हवा आणि एक जण खाली टीव्हीसमोर उभं राहून चित्र आलं की ओरडायला. वामनराव वर होते, खाली कोणीच नाही. "थांबा, शेजारून कोणाले तरी आणतो," म्हणून मी खाली पळालो.

शेजारच्या ओट्यावर एक जण बसलेले. मी म्हटलं, "दादा, बाजूच्या घरी जरा टीव्हीसमोर उभे राहता का जी?"

ते झटकन उठले. "वामनदादानं बोलावलं?"

"हो, वरच हायेत ते," मी म्हटलं. मला माणूस हवा होता, बस!

ते आत गेले आणि धुतलेला शर्ट घालून आले. टीव्ही बघायला कोणी शर्ट बदलतं का?

वर येऊन मी वामनरावांना सांगितलं, "शेजारचे दादा आले."

त्यांचा चेहराच उतरला. "अरे बाप्पा! तो प्रभाकर, माझा लहान भाऊ. वाटणीच्या भांडणापासून बोलणं बंद हाय आमचं. पोरगी रोज रडून राहिली, काका नसन तर मांडवात उभी नाही राहत म्हणते. पण मीच काहून पहिले बोलू? अन् तोही म्हणत असन, मीच काहून?"

दादांना परत पाठवावं असं वाटलं. पण डिशचे बोल्ट तर ढिले करून झाले होते.

मी खाली ओरडणार, तेवढ्यात वामनरावांनीच घसा खाकरला.

"आलं का?"

"नाही," खालून उत्तर आलं.

त्यांनी डिश जराशी फिरवली. "आता?"

"नाही."

आणखी जराशी. मी मीटर पाहिलं, सिग्नल फुल्ल! खालून बातम्यांचा आवाज गच्चीपर्यंत खणखणीत येत होता.

"भाऊ, आलं जी," मी हळूच म्हटलं.

वामनरावांनी मला हातानंच गप्प केलं. डिशला बोटही न लावता ते कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "आता आलं का गा, पभ्या?"

बातम्यांच्या वरताण आवाजात उत्तर आलं, "नाही आलं, दादा! थांब, मीच वर येऊन राहिलो!"