मधोमध उभी सुई

पोस्टिंग ईशान्येच्या डोंगरांतल्या हवाई दलाच्या एका बेसवर होतं. मी फ्लाइट सिग्नलर, म्हणजे विमानातला रेडिओ सांभाळणारा. शिरूर कासारचा. दुसऱ्या क्रूचा सिग्नलर सलीम शेख, केजचा, माझ्याच जिल्ह्यातला. त्याच्या वडिलांचं केजला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. पुढच्या चौक्यांवर विमानातून रसद टाकायची आणि दुपारचे ढग चढण्याआधी परतायचं, हे आमचं रोजचं काम.

सिव्हिलमधले लोक विचारतात, ढगात वाट कशी कळते? पायलटसमोर घड्याळासारख्या दोन तबकड्या असतात. बेअरिंगची सुई जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनकडे तोंड करते. पण आसपास वीज चमकत असली की ती विजेकडे वळते. कोर्सची सुई ठरवलेल्या रेषेपासून आपण डावीकडे आहोत की उजवीकडे, ते दाखवते. मधोमध असली तर विमान रेषेवर. मात्र स्टेशन बंद पडलं तरी ती मधोमधच येऊन थांबते. फरक दाखवायला अशा वेळी सुईशेजारी एक छोटा लाल फ्लॅग पडतो. तेवढाच.

सलीमच्या विमानातला फ्लॅग अडकत असे, कधी कधी पडतच नसे. मी त्या विमानातून गेलो होतो तेव्हा पाहिलं होतं. त्याच्या कॅप्टननं रिपोर्ट केला. दुरुस्तीच्या सेक्शननं जमिनीवर टेस्ट घेतली, फ्लॅग पडला, विमान उड्डाणाला पास झालं. बदली इन्स्ट्रुमेंट मागवलं होतं. ते आलंच नाही.

त्या दिवशी दोन्ही विमानं परतत होती. आम्ही पुढे, ते मागे. ढग लवकर आले, विजा सुरू झाल्या. बेअरिंगची सुई गरगरायला लागली, म्हणून सगळी भिस्त कोर्सच्या सुईवर. तेवढ्यात आमच्या कॅप्टनला फ्लॅग पडलेला दिसला. खाली स्टेशनची वीज गेली होती. कुणी कळवलं नव्हतं. त्यांनी लगेच विमान वर चढवलं आणि मागच्या विमानाला विचारलं, तुमचा फ्लॅग पडलाय का. उत्तर आलं, "फ्लॅग नाही. कोर्स सेंटर्ड. उतरतोय."

मला अडकणारा फ्लॅग आठवला. मी रेडिओ सेट घेतला. रेडिओवर बोलायचं ते इंग्रजी सुचलं नाही.

"सलीम, स्टेशनचा मोर्स ऐक बे. येतोय का?"

स्टेशन चालू असलं की त्याचं नाव मोर्समध्ये कानात टिकटिकत राहतं.

"न्हाई. काहीच आवाज न्हाई."

"सुई मेलीय. वर चढा."

"थांब, कॅप्टनला सांगतो."

त्यानंतर मी हाका मारत राहिलो. उत्तर आलं नाही. मलबा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर सापडला. पाच जण होते.

चौकशी झाली. अडकणाऱ्या फ्लॅगबद्दल मी साक्ष दिली. इन्स्ट्रुमेंटचा चुरा झाला होता, त्यामुळे सिद्ध काही झालं नाही. आमचं बोलणं टेपवर होतं. लेखी उताऱ्यात त्या वाक्यांपुढे 'अस्पष्ट' असं लिहिलं. मी भाषांतर करून देतो म्हणालो. गरज नाही, असं सांगण्यात आलं. रेडिओवर अनधिकृत भाषा वापरली म्हणून मला ताकीद मिळाली. अपघाताचं कारण: वैमानिकांची चूक.

निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा आधी एसटीनं केज गाठलं. सलीमचे वडील दुकानात होते. चहा मागवून त्यांनी समोर बसवलं. मी सगळं सांगितलं.

"म्हंजी त्याला कळलं व्हतं," ते शेवटी म्हणाले.

"हो चाचा. कळलं होतं. वेळ उरला नव्हता."

"मंग चूक त्यांची कावून लिवली?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि ते कामाला लागले.

सलीमच्या घरी निदान खरं कळलं. बाकीचे चौघे चार राज्यांतले. दोघांच्या घरच्यांना मी पत्रं टाकली, ती परत आली. उरलेल्यांचे पत्ते मागितले तर मिळाले नाहीत. त्या घरांत आजही हेच ठाऊक आहे, की आपला माणूस वाट चुकला.