पनवेलच्या लॉनवरचं लढाऊ विमान

पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या माझ्या नवऱ्यानं पहिला प्रश्न विचारला, "त्या विमानापाशी सावली आहे का?"

प्रश्न रास्त होता. मी कराडला दातांचा दवाखाना चालवते आणि उरलेल्या वेळात जुन्या लढाऊ विमानांचे फोटो काढते. हवाई दलातून निवृत्त झालेली, डागडुजी आणि रंगरंगोटी करून विमानतळाबाहेर, चौकात, नाहीतर एखाद्या संग्रहालयाच्या अंगणात उभी केलेली विमानं. माझे यजमान माधवराव स्वतः पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना विमानांत काडीचाही रस नाही. पण विमान केवढं आहे हे फोटोत कळावं म्हणून पंखाशेजारी कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि ते काम ते वर्षानुवर्षं करत आले आहेत. बंगळूर, दिल्ली, गोवा, नाशिक. सगळीकडे तोच करडा सदरा, कारण रंगीत सदऱ्यानं विमानावरची नजर हटते असं माझं मत आहे. "सगळ्या फोटोंत मी आहे, पण एकही फोटो माझा नाही," असं ते पाहुण्यांना सांगतात.

माझ्याकडे नॅटचा मनासारखा फोटो नव्हता. नॅट म्हणजे चिलट. एवढंसं लढाऊ विमान, पण आपल्या दोन युद्धांत त्यानं भल्याभल्यांना जेरीस आणलं. मला आजवर दिसलेली नॅट एकतर खांबावर उंच चढवलेली होती, नाहीतर जाळीआड. अशात माझ्या भाच्यानं चालत्या गाडीतून काढलेला एक हललेला फोटो पाठवला. पनवेलहून नव्या विमानतळाकडे जाणारा रस्ता, आणि त्याच्या कडेला, चक्क हिरवळीवर, स्वतःच्या चाकांवर उभं असलेलं नॅट. मी दुसऱ्याच दिवशी दवाखान्याला कुलूप लावलं.

स्टँडबाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, "विमानापाशी जायचंय."

"कंचा इमान (विमान)?" त्यानं शांतपणे विचारलं. "उडनारा का लगनाचा?"

माधवरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "जुनं, लढाईचं."

"मंग लगनाचा," तो म्हणाला आणि रिक्षा सुरू केली.

गावातली गर्दी संपली तसा रस्ता रुंद झाला. एका बाजूला निम्मी कापलेली टेकडी, दुसऱ्या बाजूला खाजण (खाडीकाठची खारी जमीन) आणि त्यातली तिवरं, मागं रंग सुकायच्या आधीच जुने दिसू लागलेले टॉवर. डोक्यावरून एक मोठं विमान इतक्या खालून गेलं की माधवरावांनी टोपी धरली. रिक्षावाल्यानं मान वर केली नाही.

रिक्षा थांबली ती एका लग्नाच्या लॉनपुढे. कमानीवर सोनेरी हत्ती, आत कारंजं, पलीकडे स्टेज; आणि स्टेज व जेवणाच्या मांडवाच्या बरोबर मध्ये माझं नॅट उभं होतं.

मी फाटकाबाहेरच थबकले. इतकं नेटकं काम मी फार ठिकाणी पाहिलेलं नाही. रुपेरी रंग एकसारखा बसलेला, रिव्हेटांच्या ओळी स्वच्छ, शेपटावरचा तिरंगा योग्य जागी. मागं ओढलेले छोटे पंख, आणि पोटाखालचे बुटके पाय, जे उडताना अर्धवट खाली सोडले की ब्रेकचं काम करत. वैमानिकाच्या बैठकीवरची काचेची टोपीसुद्धा मूळचीच, किंचित पिवळसर झालेली. फक्त नाकावर झेंडूची भलीमोठी माळ होती. "एवढंच?" माधवराव म्हणाले. "हे पाहायला पहाटे उठलो?"

मी कॅमेरा काढला आणि रखवालदारानं हात आडवा केला. "फोटो नाय."

"का?"

"बगायला फुकट. फोटोला लगीन पायजे."

"आमचं झालंय," माधवराव म्हणाले.

"हितं?"

"नाही. वाईला. पस्तीसेक वर्षांपूर्वी."

रखवालदारानं खरोखर विचार केला. "मंग तुमचे फोटो झाले असतील," तो म्हणाला.

आमची हुज्जत चालू असताना एक गाडी आत आली आणि तिच्यातून पांढऱ्या सदऱ्यातले, गळ्यात सोन्याची जाड साखळी घातलेले साठीचे गृहस्थ उतरले. हे लॉनचे मालक, बाळारामशेठ. मी कराडहून केवळ नॅटसाठी आले आहे हे ऐकून त्यांनी मला खालीवर न्याहाळलं.

"नियम मीच केलाय," ते म्हणाले. "पोरं येऊन पंखावर नाचाय लागली रीलसाठी. म्हनून ज्याचा लगीन त्याचाच फोटो."

"पण तुम्ही विमान घेतलंत कशाला?" माधवरावांनी विचारलं. त्यांना आडवळण जमत नाही.

बाळारामशेठ हसले नाहीत. "आमची शेती गेली आनि इमानं आली. सगली दुसऱ्यांची. म्हनला, येक तरी इमान आपला पायजे." लिलावात मिळालेला सांगाडा त्यांनी घेतला, आणि दुबईत गाड्या रंगवून परतलेल्या पनवेलच्या याकूबभाईंकडून तो उभा करून घेतला होता.

मग त्यांनीच तोड काढली. आत एका जोडप्याचं लग्नाआधीचं फोटोसेशन सुरू होणार होतं. उद्या हळद, परवा याच लॉनवर लग्न. "तुमी नवरीची मावशी व्हा," ते म्हणाले. "मंग तुमी पार्टीतल्या."

नवरी मानसी एका औषध कंपनीत कामाला होती आणि तिला हे सारं एका वाक्यात समजलं. "चालेल," ती म्हणाली. "माझी खरी मावशी रुसलीये, ती येणारच नाहीये." नवरदेव नीलेश धिप्पाड, गोरापान, शेरवानीत घामाघूम, डोक्यावर टरबुजाएवढा गुलाबी फेटा. त्यांच्या फोटोग्राफरची कल्पना अशी की नवरदेव लढाऊ विमानातून आकाशातून उतरतो आणि नवरी हिरवळीवर वाट पाहते. मी चष्मा पुसला. नॅटची बैठक चणीनं लहान वैमानिकालाही आवळते, हे मला माहीत होतं. मी तसं म्हणालेही. पण मावशीचं कोण ऐकतो?

तिघांनी मिळून नीलेशला शिडीवरून आत उतरवलं. खांदे बसेनात तेव्हा तो तिरका झाला, मग सरळ झाला, आणि "फिट!" म्हणाला. फोटोग्राफरनं वरची काच बंद करायला लावली. ती फेट्यावर टेकली, थोडी दाबली, आणि खट्कन बसली.

शूटिंग रंगात आलं. मानसी पदर उडवत होती. फोटोग्राफर हिरवळीवर आडवा पडला होता. मी माधवरावांना शेपटापाशी उभं केलं आणि लांबचं भिंग लावून काम सुरू केलं. काचेआड नीलेश हातवारे करत होता, मान हलवत होता, तोंड मोठं उघडत होता.

"क्या बात है!" फोटोग्राफर ओरडला. "भाऊ, एक्सप्रेशन भारी येतंय! अजून दे!"

नीलेशनं अजून दिलं. त्यानं काचेवर बुक्की मारली.

आता, उघड्या तोंडानं बोलू पाहणारी माणसं हा माझा रोजचा धंदा आहे. तोंडात कापूस आणि यंत्र असताना माणूस काय म्हणतोय ते मला बरोबर समजतं. भिंगातून मी त्याचे ओठ पाहिले. तो "उघडा" म्हणत होता. मग "आई" म्हणाला. मग पुन्हा "उघडा".

"अहो, तो अडकलाय!" मी ओरडले.

सगळे धावले. बाहेरची कडी फिरेना. आतली नीलेशच्या हाताला येईना, कारण दंड दोन्ही बाजूंनी घट्ट अडकले होते. फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन काचेवर पडलं होतं आणि आतून वाफ धरायला लागली होती. याकूबभाईंना फोन लावला. ते तळोज्याच्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेत होते. "खुदा के वास्ते काच तोडू नका," स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "तशी दुसरी मिळायची नाही. मी पोचतोच." रांग पुढे सरकत नसल्याचंही त्यांनी सांगितलं.

मांडवातल्या लोकांकडे लोखंड कापायची मशीन होती. ती आली. बाळारामशेठ शिडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले. "काच कापायची नाय."

"कापा!" मानसी म्हणाली. "मला नवरा एकच आहे."

"इमान पन येकच हाय!"

"मग परवा अंतरपाट या काचेवर धरू का? बोला ना!" एवढं बोलून ती रडायला लागली, आणि बाळारामशेठचे हात खाली आले. त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "काप," ते मशीनवाल्याला म्हणाले, आणि विमानाकडे पाठ केली.

खरं सांगते: आत माणूस गुदमरतोय आणि मला त्या पिवळसर काचेचं वाईट वाटत होतं.

"थांबा जरा," माधवराव म्हणाले. ते शेपटापासून कधी निघाले हे कुणी पाहिलं नव्हतं. शिडीवर चढून त्यांनी काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा फेटा खालून काच वर रेटतोय, त्यामुळे आकडा ताणलाय. कालव्याचा दरवाजा अडकला की आधी खाली दाबायचा असतो. यानं डोकं खाली घेतलं पाहिजे आणि मी वरून दाबलं पाहिजे. बस."

पण नीलेशला काही ऐकू जात नव्हतं. माधवरावांनी स्वतःच्या डोक्यावर थापटून दाखवलं. त्याला वाटलं धीर देतायत; त्यानं मान डोलावली. मानसीनं "वाक! वाक!" म्हणून घसा फोडला. तो तिच्याकडे केविलवाणं पाहत राहिला. फोटोग्राफर गुडघ्यात डोकं घालून बसून दाखवू लागला, तेव्हा नीलेशला बहुधा वाटलं की बाहेर कुणाला तरी चक्कर आली, आणि तो आणखी घाबरला.

"नमस्कार करा," मी म्हणाले. मला दुसरं काही सुचलं नाही. "सगळ्यांनी वाकून नमस्कार करा. मोठी माणसं वाकली की तो आपोआप वाकेल."

मग बाळारामशेठ वळले, चपला काढल्या, आणि आपल्या विमानापुढे हात जोडून कमरेत वाकले. त्यांच्यामागं रखवालदार, मशीनवाला, हातात झारा घेतलेला आचारी, फोटोग्राफर, आणि शेवटी हुंदके देत मानसी. पंधरावीस माणसं भर दुपारी एका लढाऊ विमानापुढे ओणवी झाली. आत नीलेश गडबडला. एवढी वडीलधारी माणसं आपल्याला नमस्कार करतायत हे त्याला सहन झालं नाही. त्यानं घाईघाईनं मान खाली घातली. माधवरावांनी दोन्ही तळव्यांनी काच दाबली, रखवालदारानं पुढे होऊन खालून कडी फिरवली, आणि काच उघडली.

आतून आलेल्या वाफेला अत्तराचा वास होता. "पाणी," नीलेश म्हणाला. मानसीनं त्याचा फेटा उपटून हिरवळीवर फेकला, त्याला एक चापट मारली आणि मग गळ्यात पडली. फोटोग्राफर डोक्याला हात लावून बसला. त्याचा कॅमेरा गवतात पडला होता. माझं बोट मात्र सवयीनं दाबलं गेलं होतं. माझ्याकडे नॅटचा फोटो आला: पुढे वाकलेल्या पाठींची रांग, वर शिडीवर ताप बघितल्यासारखे काचेवर तळवे ठेवून उभे माधवराव, आणि आत फक्त गुलाबी फेटा. विमानाचं नाक एका आचाऱ्यामागं गेलं आहे. संग्रहात ठेवण्यासारखा तो मुळीच नाही.

बाळारामशेठनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची मऊ भाकरी, बोंबलाचं कालवण (पातळ रस्सा) आणि कांद्यात परतलेला जवला (सुकवलेली अगदी बारीक कोळंबी). माधवराव आचाऱ्याच्या शेजारी बसून तीन भाकऱ्या जेवले. तिथं त्यांना सगळे 'इंजिनेरसायब' म्हणत होते, आणि त्यांनी कुणालाही दुरुस्त केलं नाही.

पार्टी गेली. ऊन उतरलं. "आता काडा तुमचे फोटो," बाळारामशेठ म्हणाले. मी चारी बाजूंनी मनसोक्त काढले. शेवटी त्यांना विचारलं, "तुम्ही कधी आत बसलात?"

"नाय."

"आणि उडणाऱ्या विमानात?"

"नाय. मना कुटं जायाचा हाय?"

माधवरावांनी शिडी धरली. शेठ सडपातळ, अलगद आत बसले. काच उघडीच ठेवली. त्यांनी विमान वळवायच्या दांड्यावर हात ठेवला आणि समोर पाहिलं. पलीकडच्या भिंतीमागून एक मोठं विमान उठलं, आवाज वाढत गेला, मग विरला. "तो जितनं (जिथून) उठला ना," ते म्हणाले, "तिकडं आमचा भात व्हायचा." मी एकच फोटो काढला. ते आणखी थोडा वेळ बसून राहिले. आम्ही दोघं शिडीपाशी उभे राहिलो. घाई कुणालाच नव्हती.

कराडला आल्यावर मी तो फोटो मोठा करून त्यांना पाठवला. प्रवासात माणूस ठरवलेलं पाहायला जातो आणि दुसरंच काही घेऊन येतो, हे मला इतक्या फिरण्यानंतर ठाऊक होतं. पण या वेळी आणलेलं कुठं ठेवायचं ते कळेना. आठवड्यानं शेठचा फोन आला. फोटो त्यांनी लॉनवरच्या हॉलच्या दारात लावला होता.

"लोक इचारतान, शेठ, तुमी पायलट व्हता का? मी बोलतो, नाय बाबा, माजी धावपट्टी हाय." आणि ते खो खो हसले.

मला हसू आलं नाही. माधवरावांनी माझ्या हातातून फोन घेतला. "शेठ, आम्ही कधी तुमच्या बाजूनं विमानानं गेलो, तर खिडकीतून खाली हात करू."

"करा, करा," ते लगेच म्हणाले. "पन कंच्या बाजूला बसाल त्ये आदी सांगा. म्हंजे मी त्या बाजूला हुबा ऱ्हाईन."