न फळलेल्या नवसाची साडी

देवी आपल्यावर रागावली आहे, अशी त्या महिन्यात माझी ठाम समजूत झाली होती. मी नाशिकला घरी बसून शेअर बाजारात सौदे करतो. लेकीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली रक्कम, पत्नीशी बोलूनच, एका शेअरमध्ये लावली होती आणि तो रोज घसरत होता. अशा वेळेसाठी आम्ही लोक स्टॉपलॉस लावतो. भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला की शेअर आपोआप विकला जातो, नुकसान तिथेच थांबतं. मीही लावला होता. पण एका सकाळी देवघरापुढे बसून सप्तशृंगीला नवस बोललो, मुद्दल परत येऊ दे, गडावर येऊन साडी वाहीन, आणि उठून स्टॉपलॉस काढून टाकला. नवस बोलून वर तोही ठेवायचा म्हणजे आईवरच अविश्वास, असं मला वाटलं. पुढे शेअर उतरत राहिला आणि माझा नवस चढत राहिला. साडीची पैठणी झाली, पैठणीच्या जोडीला अनवाणी पायऱ्या आल्या.

शेवटी पत्नी म्हणाली, "स्क्रीनकडे बघून काय होणार? तिलाच जाऊन भेटू." बाजार चालू असतानाच आम्ही गडावर गेलो. साडी घेतली नव्हती. नवस कुठे फळला होता? दर्शनाच्या रांगेत मी सारखा मोबाइल काढत होतो. पुढे नामपूरकडच्या एक मावशी होत्या, हातात हिरवी साडी, खण, नारळ. पत्नीने विचारलं, "नवस फेडायला आलात का?"

"हा. पोराला रेल्वेत नोकरी लागू दे म्हनले व्हते."

"लागली का मग?"

"नाय लागली. पिकप चालवतो आता."

मला राहवलं नाही. काम झालंच नाही तर साडी कसली, असं विचारून बसलो. मावशी हसल्या. "बोलले व्हते मी, दादा. तिनं कुठं हा म्हनलं व्हतं? आपलं बोलनं आपन पुरं करायचं. नायतर जीव तिथंच अडकून राहतो."

एवढं बोलून त्या पुढे सरकल्या. माझाही जीव असाच अडकला होता, आणि तोटा मान्य न करण्याच्या हट्टाला मी श्रद्धा म्हणत होतो. मी रांगेतून बाहेर पडलो, खाली दुकानातून साडी घेतली आणि अनवाणी पुन्हा चढलो. पैठणीची ऐपत उरली नव्हती, तेही आईला हात जोडून सांगितलं. साडी वाहिली, बाजूला बसलो आणि मोबाइलवरून तो शेअर तोट्यात विकून टाकला. पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. पण खूप दिवसांनी मी मोबाइल खिशात ठेवला तो घरी येईपर्यंत काढला नाही.

उरलेल्या पैशात लेकीचा प्रवेश झाला. पुण्याचं कॉलेज मात्र झेपलं नाही, ती इथेच जाते. तो शेअर पुढे आणखी पडला आणि नंतर सावरलाही, त्यामुळे मला चमत्कार सांगायचा नाही. आजही तोटा होतो. झाला की मान्य करतो आणि वेळेवर जेवायला बसतो. त्या मावशींचं नावही विचारायचं राहून गेलं. देवघरापुढे आता काही मागत नाही, एवढंच म्हणतो: आई, तेव्हा तू माझं ऐकलं नाहीस, म्हणून माझा हट्ट सुटला, हे तुझे उपकार.