थंड प्रोसेसर, तापलेला शेजार

मुलीचं काम चालू असताना संगणक दुसऱ्यांदा बंद पडला, तेव्हा मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. लिहिताना लाज वाटते, पण ते खरं आहे. एकदाच बंद पडला असता तर काहीतरी झालं असेल म्हणून सोडून देता आलं असतं. दुसऱ्यांदाही पडला म्हणजे त्याला कारण होतं, आणि कारण आहे म्हटल्यावर मला ते शोधल्याशिवाय चैन पडत नाही. मुलगी शेजारी कपाळाला हात लावून बसली होती आणि मी स्क्रू-ड्रायव्हर शोधत होतो.

ती पुण्यात ॲनिमेशन शिकते. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं एक छोटी फिल्म करून द्यायची असते. तिची फिल्म नांगरणीची होती. पुढं ट्रॅक्टर, मागं उलथलेल्या ढेकळांत किडे टिपत चालणारे बगळे. सुट्टीत ती घरी, पिंपळीला, ते काम घेऊन आली होती. बगळे तयार होते, त्यांचं चालणं बसवून झालं होतं. आता संगणकानं ऊन, सावली आणि प्रत्येक पीस यांचा हिशोब करून एकेक चित्र रंगवायचं, एवढंच बाकी होतं. बुधवारी संध्याकाळपर्यंत फिल्म कॉलेजला पाठवायची होती, नाहीतर त्या विषयात नापास. तिनं अंदाज काढला, तर आमचा जुना संगणक त्याच्या चालीनं गुरुवारी दुपारी पोचत होता.

"पप्पा, याचा स्पीड वाढवता येतो ना?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. संगणक उघडून बसणं हा माझा नाद आहे. मी जरा जास्तच पटकन "येतो" म्हणालो.

याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा. त्यासाठी त्याला थोडी जास्त वीज द्यावी लागते, आणि मग तो तापतो. म्हणून मी त्याच दिवशी बारामतीला जाऊन एक मोठा कूलर आणला. उभा, ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचा, बाजूला पंखा असलेला. प्रोसेसरवर आधी बसवलेला जुना गोल पंखा काढून टाकला. वेग वाढवला. स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान बघितलं तर आधीपेक्षाही कमी. मी बायकोला बोलावून तो आकडा दाखवला. तिनं "बरं हाय" म्हटलं आणि ती परत भाकरी थापायला गेली. थोड्याच वेळात स्क्रीनवरचं चित्र थिजलं, मग अंधार.

त्यानंतर ते पुन्हा पुन्हा होत राहिलं. आधी मला घरातल्या विजेचा संशय आला. मग मेमरीचा. वर्गात मी मुलांना सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला. घरी मात्र मी घाईघाईनं सगळंच बदलत होतो आणि नेमकं काय बिघडतंय ते कळत नव्हतं. शेवटी हात आवरले. प्रोसेसर थंड होता, तरी बंद पडत होतं. म्हणजे स्क्रीन ज्याचं तापमान सांगतच नाही, असं काहीतरी तापत होतं.

कोरोनाच्या वेळी घेतलेलं, कपाळासमोर धरून ताप बघायचं यंत्र कपाटात होतं. ते मी मदरबोर्डसमोर, सगळे भाग बसवलेल्या मोठ्या पाटीसमोर धरलं. माणसाच्या तापापलीकडं ते मोजतच नाही, त्यामुळं आकडा काही येईना. बायको दारातून बघत होती.

"अहो, ताप हाय का त्याला? गोळी देऊ का?"

"मम्मी, हसू नको ना," मुलगी म्हणाली. तिला रडू येत होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मग मला मेणबत्ती सुचली. संगणक बंद करून मी मेणाचा बारीक कीस मदरबोर्डवरच्या वेगवेगळ्या चिपांवर ठेवला, चालू केला आणि टॉर्च धरून बघत बसलो. प्रोसेसरच्या कूलरच्या बुडाशी ठेवलेला कीस तसाच राहिला. ग्राफिक्स कार्डाखालच्या चिपेवरचा जरासा मऊ झाला. पण प्रोसेसरच्या अगदी कडेला काळ्या, चपट्या चिपांची एक रांग असते, तिच्यावरचं मेण बघता बघता पाण्यासारखं झालं. मी "बघ, बघ" करून ओरडलो.

या चिपा प्रोसेसरला वीज पुरवतात. तो जास्त पळाला की सगळा भार यांच्यातून जातो. पण यांना कूलर नाही, पत्रा नाही, काही नाही. मग आधी या कशा तगल्या? काढून ठेवलेला गोल पंखा हातात घेऊन फिरवून बघितला, तेव्हा उलगडलं. त्याचा वारा सरळ खाली, मदरबोर्डवर आपटायचा आणि चारी बाजूंना पसरायचा. प्रोसेसरला गार करता करता शेजाऱ्यांनाही थोडं मिळायचं. माझ्या नव्या कूलरचा वारा वरच्या वर मागं निघून जात होता. खाली झुळूकही नव्हती. प्रोसेसरची सोय मीच केली होती आणि त्याच्या शेजाऱ्यांचा वाराही मीच तोडला होता.

हे मी मोठ्या उत्साहानं बायकोला समजावून सांगितलं. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं, वरकुट्याचं. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं, आवर्तनानं सुटतं; आमच्याकडं आधी येतं, तिकडं टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, तिच्या वडिलांच्या शेतात उरलं तर पोचतं. लग्नापासून आमच्या घरात या विषयावर शांतता अशी नाही.

"व्हय, तुमी वरचे लोक," ती म्हणाली. "तुमचा ऊस भिजला की तुमाला वाटतं आवर्तन झ्यॅक झालं. आमचे आबा टेलला फावडं घेऊन बसलेत, ते कुणाला दिसतंय?"

मी हसलो, पण तिचं म्हणणं लागलं. मी सतत एकच आकडा बघत होतो, कारण तोच समोर होता आणि चांगला होता.

माळ्यावर एक बिघडलेला ॲम्प्लिफायर होता. त्यातला उष्णता पसरवणारा ॲल्युमिनियमचा दातेरी तुकडा काढून मी करवतीनं लहान लहान कापला, कडा घासल्या, कीस झटकला. उष्णता वाहून नेणारी चिकटपट्टी दुकानातून आणलीच होती, तिनं ते तुकडे त्या काळ्या चिपांवर बसवले. वर एक छोटा पंखा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी आवळून खाली तोंड करून टांगला. दिसायला ध्यान होतं. पण मेण या वेळी वितळलं नाही, आणि चित्रामागून चित्र तयार होऊ लागलं.

इथं मी थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात वळवळ सुरू झाली. गुण नेमका कशाचा? तुकड्यांचा की पंख्याचा? पंखा काढून बघितलं तर कळेल. मी पक्कड घेऊन वाकलो.

"पप्पा, काय करताय?"

"एकदाच बघतो. नुसत्या ॲल्युमिनियमवर टिकतंय का."

"आणि नाही टिकलं तर?" ती म्हणाली. "तुम्हाला फिल्म व्हायला हवीय, की नुसतं कळायला हवंय?"

मी पक्कड खाली ठेवली. वेग एक पायरी कमी करू, असं तीच म्हणाली. बुधवार गाठायला तेवढा पुरत होता. मी मान डोलावली आणि तिनंच तो कमी केला. त्या रात्री संगणक चालू ठेवून आम्ही सगळे झोपलो.

बुधवारी सकाळी शेवटचं चित्र तयार झालं. तिनं फिल्म लावली. मी नकळत पंख्याच्या आवाजाकडं कान देऊन उभा होतो. ती बगळ्यांकडं बघत होती. मध्येच तिनं फिल्म थांबवली.

"याचा पाय ढेकळात घुसतोय. बघा, मातीच्या आत गेलाय."

मला तो पाय दिसायलाही वेळ लागला.

"कुणाच्या लक्षात येणार नाही," मी म्हणालो.

"माझ्या आलंय ना." तिनं घड्याळ बघितलं. "तेवढीच चित्रं परत काढते. वेळ आहे. आता बंद नाही ना पडणार?"

"नाही पडणार," मी म्हणालो. ती पाय सरळ करायला वाकली आणि मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून बगळा नेमका कसा पाऊल टाकतो ते बघत राहिलो.