घटापुढची माझी बहीण

“पोरगी बघा गो, घट बसल्यापासून नुसत्या पाण्यावर हाय. नायतर आमच्या! डोळं उघडलं की चा-बटर पायजे.”

काकूचा आवाज माजघरातून पडवीत आला. मागोमाग शेजारणींचं हसू. मी पडवीत वाती वळत होते. माझ्या शेजारी बसलेल्या चुलतबहिणीने तोंड वाकडं केलं. “मग बक्षीस द्या तिला,” ती पुटपुटली.

कौतुक चाललं होतं ते माझ्या धाकट्या बहिणीचं. ती दहावीत आहे. महाडला आमच्या घरी उन्हाळ्यापासून जेवणाची वेळ आली की सगळं घर धास्तावतं. डॉक्टरांनी बजावलंय: तिला एकटीला जेवायला बसवायचं नाही, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ द्यायचं नाही, आणि उपास तर अजिबात नाही. तिच्या हृदयाचे ठोके मंद झालेत, आणखी वजन उतरलं तर ॲडमिट करावं लागेल. म्हणून मी तिच्यासमोर ताट घेऊन बसते. ती पोळीचे मुंगीला पुरतील एवढे तुकडे करते. मी कॉलेजच्या गप्पा मारते आणि तिच्या बोटांकडे आपलं लक्षच नाही असं दाखवते.

पण हे घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. बाजारात कुणी विचारलं, की आई म्हणायची, “ॲसिडिटी आहे.” मी तर रस्ताच बदलायचे. समुपदेशक मॅडमशी मी इंग्रजीत सगळं धडाधड बोलते. तेच मराठीत, आपल्या माणसांसमोर बोलायचं म्हटलं की अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं. घरात अन्न असताना मुलगी जेवत नाही, हे कसं सांगायचं? आणि तेही कापडे गावात, काकांकडे, जिथे चिखलात उभं राहून भात लावतात?

नवरात्रासाठी आम्ही इथे आलो आणि पहिल्याच दिवशी बहीण सगळ्यांसमोर म्हणाली, “मी यंदा नऊ दिवस करते.” आईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला हायसं वाटलं होतं, त्याचीच लाज वाटत होती. आता ती का जेवत नाही, हे कुणी विचारणार नव्हतं. काकू खिचडी पुढे करायची, ही नको म्हणायची, आणि काकूच्या डोळ्यांत ती आणखी मोठी व्हायची. कित्येक महिन्यांनी माझी बहीण हसत होती. रात्री तिच्याशेजारी झोपले की तिचे गुडघे मला टोचायचे.

त्या संध्याकाळी आरतीला घर भरलं होतं. बहीण घटापुढे उभी होती, आई ताट धरून तिच्या बाजूला. झांजा चढल्या आणि बहीण डोलायला लागली. आधी मला वाटलं, तालावर डोलतेय. मग तिची मान मागे पडली, डोळे अर्धवट मिटले, हात थरथरले.

“आली गो, आई आली!” काकू ओरडली.

झांजा थांबल्या. मागून कुणीतरी सांगितलं, “केस सोडा तिचे.” काकूने तिच्या कपाळावर मळवट भरला आणि वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं. शेजारच्या म्हातारीने हात जोडले. “आई, माजा झील मुंबैला हाय. त्याचं लगीन कधी जमल, सांग.”

सगळे उत्तराची वाट पाहत होते. बहिणीचे ओठ पांढरे पडले होते. ती चाचपडत होती, भिंत शोधत असावी. आमच्या आईने ताट खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी बायकांमधून वाट काढत पुढे गेले. बहिणीचा हात धरला तर तो बर्फासारखा गार. ती माझ्या खांद्यावर कलंडली आणि माझ्या कानात म्हणाली, “ताई, मला काही दिसत नाहीये.”

“शिवू नको तिला,” काकू दटावत म्हणाली.

मी बहिणीला खाली बसवलं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. माझा चेहरा तापला होता आणि आवाज नको तितका मोठा निघाला.

“काकू, तिच्या अंगात कुणी आलेलं नाही. ती आजारी आहे. जेवण जात नाही तिला, उन्हाळ्यापासून. आम्ही लपवलं तुमच्यापासून. काकांना गाडी काढायला सांगा, आत्ताच्या आत्ता महाडला जायचंय.”