साळवीबाईंची भीती

साळवीबाई सकाळी प्रत्येक बसभोवती फेरी मारत, वाकून चाकांखाली पाहत आणि मगच ड्रायव्हरच्या हाती चावी देत. गाझियाबादकडे तेव्हा शेतं जाऊन नव्या वसाहती उठत होत्या आणि त्यांच्या मागोमाग खाजगी शाळा निघत होत्या. आमची शाळा त्यांतलीच. रस्ते अर्धवट, बस मात्र कोऱ्या करकरीत. बाई भूगोल शिकवायच्या, मी विज्ञान. दोघी मराठी, दोघी मयूर विहारमध्ये राहणाऱ्या, त्यामुळे गट्टी लगेच जमली. बसची जबाबदारी कोणी घेईना, म्हणून मुख्याध्यापकांनी ती बाईंच्या गळ्यात घातली.

"मी भित्री आहे गं, बिल्कुल भित्री," असं त्या सहज सांगत. काम हाती घेतल्यावर त्या एकदा ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसल्या आणि पहिलीच्या मुलांना बससमोर उभं करायला सांगितलं. खाली उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता. "एकही पोर दिसलं नाही," त्या मला म्हणाल्या. "इंजिन बंद होतं, तरी माझे पाय कापत होते."

त्या कापऱ्या पायांतूनच त्यांनी ड्रायव्हरांचं प्रशिक्षण आखलं. ड्रायव्हरला बससमोर मुलाच्या उंचीवर उकिडवं बसवायचं आणि चाकं नीट अडवून दुसऱ्यानं इंजिन सुरू करायचं. बस जागची हलत नसे, पण धिप्पाड माणसं दचकून बाजूला होत. "डर लगा? अच्छा है, याद रखना," बाई म्हणत.

आमच्या वाटेवर रेल्वेचं एक बिनफाटकाचं क्रॉसिंग होतं. तिथं बस थांबवायची, इंजिन बंद करायचं, मुलांना गप्प बसवायचं. कंडक्टरनं उतरून रुळांजवळ कान देऊन ऐकायचं आणि परत येऊन सांगितल्यावरच निघायचं. सतपाल नावाचा ड्रायव्हर यावर हसायचा. "मैडम, मैंने बरसों ट्रक चलाया है."

"ट्रक में बच्चे नहीं थे," बाई म्हणाल्या.

बस उशिरा येतात म्हणून पालक कुरकुरू लागले. हे सगळं जरा कमी करा, असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. "उशिराची तक्रार मी रोज ऐकेन, सर," एवढंच बाई बोलल्या.

एका जानेवारीत मी आणि माझी लेक सतपालच्या बसमध्ये होतो. धुकं असं दाट, की काचेपुढं नुसता कापूस. क्रॉसिंग आलं. आधीच उशीर झाला होता. सतपाल काहीतरी पुटपुटला, पण थांबला आणि इंजिन बंद केलं. कंडक्टर खाली उतरला आणि लगेच दिसेनासा झाला. मुलं गप्प. लेकीनं माझी बोटं घट्ट धरली. कुठंच काही ऐकू येईना. सतपालचा हात चावीकडे गेला.

"रुको, गाड़ी है," धुक्यातून कंडक्टर ओरडला. पाठोपाठ अगदी कानाशी भोंगा वाजला आणि आमच्यासमोरून आगगाडी धडधडत गेली. बसच्या काचा थरथरत राहिल्या. गाडी गेल्यावरही सतपालला चावी फिरवता येईना.

शाळेत पोचल्यावर सगळं ऐकून बाई मटकन खुर्चीत बसल्या. शाबासकी वगैरे काही नाही. त्यांनी सतपालसाठी चहा मागवला. "मैडम, मैं रुकना नहीं चाहता था," तो म्हणाला. "आपके डर से रुका."

"मेरे डर से रुके? चलेगा," बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. त्याच दिवशी त्यांनी लांबचा, पुलावरून जाणारा रस्ता ठरवून घेतला. या वेळी मुख्याध्यापकांनी लगेच सही केली.

पुढं बाई निवृत्त होऊन पुण्याला गेल्या. त्यांच्या जागी कोणी नेमलं गेलं नाही. नव्या ड्रायव्हरांना सतपालच शिकवू लागला. काही वर्षांनी बाई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी आधी बसच्या आवारात जाऊन त्याला सांगितलं.

"अब हमें कौन डराएगा?" तो म्हणाला.